‘इमानी’ सोडून वाच

आमच्या घरमालकांच्या कुत्र्याचं नाव सरदार होतं. काळा, अर्धा कान तुटलेला, बदलापूरच्या सोनिवलीच्या नाक्यावरच्या चिकनवाल्याच्या मेहेरबानीवर गुबगुबीत झालेला गावठी कुत्रा. कोणी नवा माणूस घरी आला की नाना त्याला अंगणातच थांबवायचे आणि कुत्र्याशी रीतसर ओळख करून द्यायचे.

"यो सरदार. लई इमानी."

पाहुणा हसायचा. नाना हसायचे नाहीत.

"हसतंस कनाला? पुस्तकान कंचा सरदार इमानी असतंय? आमचा हाय."

पाहुण्याला वाटायचं, म्हातारा गमत्या आहे. ती गंमत नव्हती. ती तक्रार होती, आणि नानांनी ती कुत्र्याच्या गळ्यात बांधून गावभर फिरवली होती.

मी मूळचा घाटावरचा. विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत नोकरी लागली तेव्हा नानांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. नाना इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे आगरी शेतकरी. नदीकडेला भाताची खाचरं होती आणि त्यांच्या आईचं माहेर खाडीकडचं, मिठागरावरचं. नव्या भाडेकरूला घरमालक जे जे विचारतात, त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. वर येऊन माझ्या सामानातल्या पुस्तकांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "तलवारीची हायत क?" मी म्हटलं, बरीचशी तलवारीचीच. त्यांनी खाली तोंड करून बायकोला, म्हणजे काकींना, चहा टाकायला सांगितला. माझी खोली पक्की झाली.

नानांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड होतं. साधंसुधं नव्हे, तोंडाला फेस येईल असं. भुयारं, दोराच्या शिड्या, वेषांतरं, बुरुजावरून खंदकात उडी, घोड्यावरचा पाठलाग, हे सगळं त्यांना भाकरीइतकं लागायचं. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि नानांनी डॉक्टरांनाच सांगितलं होतं की डोळ्याजवळ सुई आणलीस तर हात मोडीन. त्यामुळे रविवारी दुपारी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. नाना भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे. काकी कडेला सुपात तांदूळ घेऊन बसायच्या. त्या ऐकतात की नाही हे कळायचं नाही. सरदार पायरीवर झोपलेला असायचा.

अट एकच होती. "यो शबुद माझे घरान वाचाचा नाय. त्यो सोरून वाच."

शब्द म्हणजे ‘इमानी’.

पहिल्यांदा मी हे फार मनावर घेतलं नाही. वाचनाच्या ओघात शब्द तोंडातून गेला. नाना ताडकन उठले, चप्पल घातली आणि भर उन्हात शेताकडे निघून गेले. काकी तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "आता सांजला येल." तेव्हापासून मी डोळा दोन ओळी पुढे ठेवून वाचायला शिकलो, आणि तो शब्द आला की खोकायचो. पुढे पुढे नानांना माझ्याही आधी सुगावा लागायला लागला. वाक्यात ‘राकट’ आला की ते एक डोळा उघडायचे. "आता येल बग." ‘पण’ आला की बोट वर. आणि मी खोकलो की म्हणायचे, "आला! बोल्लो ना!"

कारण तो एकटा येतच नसे. ‘अडाणी पण इमानी.’ ‘गरीब पण इमानी.’ ‘दिसायला राकट पण मोठा इमानी.’ त्या ‘पण’चा नानांना त्या शब्दाइतकाच संताप होता. मी असली पुस्तकं शाळेपासून वाचत आलो होतो, पण तो ‘पण’ मला कधी टोचला नव्हता. नानांनी टोचायला शिकवला, आणि आता कुठलंही पुस्तक उघडलं की आधी तोच दिसतो. सुखाने वाचायची सोय राहिली नाही.

"बग," ते सांगायचे. "सरदार आला त दोन पानां. त्याची मिशी, त्याचा घोरा, घोऱ्याचा जीन, तलवारीची मूठ, डोल्यांतला तेज. त्याची बायकू आली त तीन पानां. आन आमचा मानूस आला त एक शबुद. त्याला घर नाय, दार नाय, भूक नाय. पुढचे पानावर सरदाराचे अंगावरचा वार झेलतंय आन मरतंय. आन मरताना काय बोलतंय? ‘धनी!’ अर, बायकूचा नाव घे र मरताना! पोरांचा घे! धनी कनाला?"

काकी तेव्हा मात्र हसायच्या. नाना आणखी चिडायचे.

आणि एकदा त्यांनी मला एका कादंबरीतला घोडा दाखवला. घोडा इमानी होता. मग कुत्रा दाखवला. तोही इमानी होता. "घोरा, कुत्रा आन आमी," नाना म्हणाले. "यका दावनीला." लिहिणाऱ्याने तिघांना खरंच एक शब्द वाटून दिला होता. मला त्या लेखकाचं कौतुक वाटायचं, त्या दिवसापासून ते कमी झालं.

डोळे धड होते तेव्हा नाना स्वतःच वाचायचे. अंबरनाथच्या एका वाचनालयाचे ते जुने सभासद होते. हातात पुस्तक आणि खिशात निळं बॉलपेन. शब्द दिसला की गिरगटून टाकायचा, तोही इतक्या जोरात की मागचं पानही फाटायचं. कितीतरी दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणी सभासद तक्रार घेऊन आला असावा. वाचनालयातल्या बाईंनी एक पान उजेडासमोर धरलं आणि त्यांना जागोजाग भोकं दिसली. नानांचं सभासदत्व गेलं. बाई बिचाऱ्या समजुतीच्या होत्या. म्हणाल्या, "अहो, पुस्तक खराब कशाला करता?" नाना म्हणाले, "खराब व्हता. मी खरा केला." हे ते मला पुढे अभिमानाने सांगायचे. मला बाईंचीही दया यायची, पण सांगायची हिंमत नव्हती.

बदलापुरातच एक कादंबरीकार राहत होते. नाव लिहीत नाही. कादंबऱ्या जोरात खपत होत्या, व्याख्यानांना गर्दी होत होती. त्यांचं अंबरनाथला भाषण आहे कळल्यावर नानांनी मला सुट्टी टाकायला लावली. कपाटातला काळा कोट काढला, टोपी घातली. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून सगळ्या वाटेत प्रश्न पाठ करत होते. माझ्या कानाशी तोच तो प्रश्न, खड्डा आला की तुटणारा.

भाषण संपल्यावर प्रश्नांची वेळ झाली आणि नाना उभे राहिले. कोणीतरी माईक दिला.

"तुमचे पुस्तकान सरदार इमानी कनाला नसतंय?"

सभागृहात खसखस पिकली. कादंबरीकार रेशमी कुर्त्यात होते. ते प्रसन्न हसले. "आजोबा, सरदार निष्ठावंत असतो."

टाळ्या.

"मंग दोघांत फरक काय?"

"छटेचा फरक असतो, आजोबा. भाषेचं सौंदर्य असतं ते. आणि इमानी हा काही वाईट शब्द नाही. गौरव आहे तो."

इथे नानांचं पाठ केलेलं सगळं विस्कटलं. बापूस, सावकार, अंगठा, मामलेदार असं काहीतरी एकात एक मिसळून ते बोलायला लागले, आवाज चढला, माईक किंचाळला. एका स्वयंसेवकाने माईक काढून घेतला आणि दुसऱ्याने दंड धरून खाली बसवलं. "बसा आजोबा, बसा. पाणी देऊ का?" मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं "जाम भारी आहेत काका, व्हिडिओ काढला का?" म्हणत होती. त्या सभागृहात वीररसाने छाती फुगवून बसलेल्या एकाही माणसाला वाटलं नाही की हा म्हातारा काय म्हणतोय ते ऐकून तरी घ्यावं. मला आजही त्या टाळ्या आठवल्या की डोकं तापतं.

परत येताना सोनिवलीचा फाटा आला तेव्हा नाना मागून म्हणाले, "निष्ठावंत म्हंजे पगारी. इमानी म्हंजे फुकट." हे सभागृहात सुचलं असतं तर! पण तिथे दंड धरलेला असताना कोणाला काय सुचणार.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला ते सभागृहात विस्कटलेलं सगळं नीट सांगितलं.

नानांचे आजोबा, त्यांच्या आधीचे, सगळे कल्याणच्या एका सावकाराच्या शेतात राबले. राबणारा कूळ, मालक सावकार. मग कुळकायदा आला आणि कसणाऱ्या कुळाला जमीन मिळणार असं ठरलं. तेव्हा सावकाराने नानांच्या वडिलांना वाड्यावर बोलावलं. त्याआधी तिथे त्यांना चहा मिळायचा तो अंगणात, करवंटीत. त्या दिवशी आत बसवलं आणि कपबशी दिली. सावकार म्हणाला, "तुम्ही पिढ्यांचे इमानी. तुमच्यावर कागदाची वेळ यावी, मलाच लाज वाटते. इथे अंगठा कर, की तू कूळ नाहीस, माझा गडी आहेस. बाकी तुझं मी बघून घेईन."

"बापूस चा प्यायला," नाना म्हणाले. "सगला प्यायला. कप उपरा ठेवला. आन घरी आला."

अंगठा दिला नाही. पुढे मामलेदार कचेरीच्या खेपा झाल्या, साक्षी झाल्या, आणि जमीन वडिलांच्या नावावर झाली. सावकाराने भर बाजारात त्यांना ‘बेइमान’ म्हटलं, आणि ते नाव गावाने उचललं. सावकाराच्या उपकाराखाली असलेले सगळे त्यांना त्याच नावाने ओळखायचे. नाना शाळेत गेले ते ‘बेइमानाचा पोर’ म्हणून. मरेपर्यंत वडिलांच्या अंगावरून तो शब्द गेला नाही.

"बापूस बेइमान झाला म्हनून मी मालक झालू," नाना म्हणाले. "त्यो इमानी असता त मी आज खय असतू? सावकाराचे गोठ्यान."

मी हे ऐकल्यावर खोकणं सोडलं असं नाही, पण त्यानंतर तो शब्द गिळताना मला गंमत वाटेनाशी झाली.

दरम्यान सोनिवलीत इमारती उठायला लागल्या होत्या. आजूबाजूची खाचरं गेली, नानांच्या पुतण्यांनी आपले हिस्से दिले. रस्त्याच्या तोंडाशी विहिरीसकट एक तुकडा नानांनी धरून ठेवला होता, आणि बिल्डरला नेमकं तेच तोंड पाहिजे होतं. बरेच दिवस नानांनी त्याला अंगणात सरदारशी बोलायला लावलं. शेवटी पुतण्यांनी जीव नकोसा केला तेव्हा तयार झाले. अट एकच घातली. प्रवेशद्वारावर दगडात वडिलांचं नाव कोरायचं. ज्याला गावाने बेइमान म्हटलं त्याच्या नावाखालून सगळ्यांनी घरी जायचं, एवढीच त्यांची हौस होती. बिल्डर म्हणाला, "अहो नाना, ऑनर आहे आमचा."

आणि मग त्या माणसाने, सुईला घाबरणाऱ्या त्या माणसाने, मोतीबिंदू काढून घेतला. बापाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणून. ऑपरेशनच्या दिवशी काकींचा हात असा धरला होता की नंतर दोन दिवस त्यांना पीठ मळता आलं नाही.

प्रकल्पाच्या नावात गड होता आणि पुढे एक इंग्रजी शब्द होता. तलवारीच्या पुस्तकांची तेव्हा चलती होती, तर बिल्डरने घरंही तशीच विकायला काढली. मोठ्या फ्लॅटांच्या इमारतीचं नाव ‘सरदार’. एका खोलीच्या घरांची इमारत पार मागे, गटाराच्या बाजूला. तिचं नाव ‘मावळा’. मी हे रचून सांगत नाही. फाटकावरच्या वॉचमनला पगडी, अंगरखा आणि पत्र्याचा भाला दिलेला. तो बिचारा बिहारचा, उन्हात मिशी चिकटवून उभा. मी विचारलं तर म्हणाला, "गोंद से खुजली होती है भैया, और साब बोलते हैं निकालना नहीं." नानांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून ताक पाठवायला सुरुवात केली.

दगड कोरायला दिला होता उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, एका सिंधी कारागिराच्या दुकानात. उद्घाटनाला दोन-चार दिवस होते, पण नानांना दम निघेना. आम्ही मोटरसायकलवर गेलो. दुकानात सगळीकडे पांढरी भुकटी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या देवळांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या. म्हाताऱ्या मालकाने एका काळ्या दगडावरचं पोतं बाजूला केलं. अक्षरं सोनेरी रंगाने भरली होती.

"बढ़िया माल है साईं," तो म्हणाला. "सौ साल कुछ नहीं होगा."

नाना पुढे झाले. एक डोळा मिटून नव्या डोळ्याने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागले. "या... भूमीचे..." आणि थांबले. मला पुढचा शब्द दिसला. सवयीने मी खोकलो.

"खोकू नको," नाना म्हणाले. "दिसतंय माना."

‘या भूमीचे इमानी राखणदार.’ आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत वडिलांचं नाव.

नाना रागाने ओरडतील असं मला वाटत होतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा भर बाजारात कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. मग कारागिराला म्हणाले, "ये एक शबुद निकालो."

"पत्थर में से एक लफ्ज नहीं निकलता, साईं. निकालना है तो पूरा घिसना पड़ेगा. फिर पिताजी का नाम भी जाएगा."

"तो घिसो."

"मेरा होता तो घिस देता. पत्थर बिल्डर का है."

आम्ही तिथूनच बिल्डरच्या ऑफिसात गेलो. थंडगार काचेची खोली. बिल्डर म्हणाला, मजकूर साहेबांनी स्वतः लिहून दिलाय. साहेब म्हणजे तेच कादंबरीकार. त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून तोच प्रसन्न आवाज आला. "इमानी नको असेल तर ‘एकनिष्ठ’ करू. ‘विश्वासू’ करू. राखणदार या शब्दाला विशेषण हवंच हो, नाहीतर वाक्य पडतं."

"राखनदार कोन?" नाना म्हणाले. "मालक व्हता. मालक लिवा."

बिल्डरने शेजारी बसलेल्या आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, "मालक शब्द गेटवर नाही टाकता येणार. फ्लॅटवाले विचारतील, मालक कोण मग? टायटलचा घोळ होईल. पूर्वीचे मालक म्हणून..." आणि नानांकडे बघून थांबला.

"मंग नुसता नाव लिवा," नाना म्हणाले. ते मागे हटत होते हे मला दिसत होतं. "नुसता नाव."

"नाना, नुसतं नाव दुकानाच्या पाटीसारखं दिसतं," बिल्डर म्हणाला. "थीम आहे ना आपली. बघतो मी. करतो काहीतरी."

ज्याच्या जमिनीवर फाटक उभं राहणार, त्याला ‘मालक’ म्हणायला कायद्याची अडचण, आणि ‘इमानी’ म्हणायला मात्र कसलीच अडचण नाही! वाड्यावरचा सावकार गेला, कपबशी गेली, आणि तीच मागणी काचेच्या खोलीत एसीत बसून पुन्हा करण्यात आली. फरक एवढाच की या वेळी अंगठाही मागितला नाही. परस्पर कोरून टाकलं.

उद्घाटनाला मांडव, ढोल, तुतारी, सगळं होतं. नाना काळा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. बिल्डरने "करतो काहीतरी" म्हटलं होतं, त्यावर त्यांचा अजून विश्वास होता. दगडावर भगवा पडदा. कादंबरीकारांनी दोरीचं एक टोक धरलं, दुसरं नानांच्या हातात दिलं. नानांनी दोरी ओढण्याआधी पडदा एका बोटाने कडेला केला आणि आत डोकावले.

मग दोरी सोडली आणि निवेदिकेच्या हातातला माईक घेतला. या वेळी काही विस्कटलं नाही.

"यो परदा मी ओरनार नाय. माझा बापूस इमानी नव्हता."

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा जुनी भांडणं काढतोय, बापाशी काही वैर असेल. पुतणे खाली मान घालून बसले. नानांनी मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, फाटकाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. सरदार त्यांच्या पायाशी येऊन बसला. घरं बघायला आलेल्यांच्या गाड्या बाहेर रांगेत हॉर्न वाजवत राहिल्या. कोणीतरी वॉचमनला सांगितलं, उठव त्याला. त्या मावळ्याने भाला भिंतीला टेकवला आणि सांगणाऱ्याला म्हणाला, "हमसे नहीं होगा." दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली.

दुपारी बिल्डरने माणसं बोलावून दगड उतरवला. नानांची समजूत पटली म्हणून नाही, गिऱ्हाइकांसमोर शोभा नको म्हणून. नानांजवळून जाताना म्हणाला, "तुमचीच इच्छा." त्यानंतर तिथे दुसरा दगड कधी लागला नाही. नुसत्या नावाचाही नाही. एका शब्दाचा हट्ट सोडला असता तर बापाचं नाव राहिलं असतं असं पुतणे म्हणायचे, अजून म्हणतात. मला त्यांना विचारावंसं वाटतं, त्या शब्दाखाली राहिलं असतं ते नाव कोणाचं असतं?

खांबावर स्क्रूची चार भोकं राहिली. नाना रोज सकाळी सरदारला घेऊन तिथवर जायचे, भोकांकडे बघायचे आणि परत यायचे. राहायला आलेल्या कोणी विचारलं, काका, इथे काय होतं, तर म्हणायचे, "माझा बाप." नवा डोळा मिळाला होता, पण त्यांनी पुन्हा पुस्तक हातात धरलं नाही. रविवारी मीच वाचायचो. एकदा मी खोकलो तर "आला" सुद्धा म्हणाले नाहीत.

नाना गेले ते झोपेत, थंडीत. तोवर माझी बदली झाली होती. मी दहाव्याला गेलो.

बदलापूरकडून वळलो आणि फाट्यावरच मला तो फ्लेक्स दिसला. सोसायटीच्या कमिटीने लावला होता. फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा, माईक कापून मोठा केलेला, त्यामुळे नानांचं तोंड उघडं होतं आणि ते आपल्यावर ओरडतायत असं वाटत होतं. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली, हाताएवढ्या अक्षरांत, ‘सोनिवलीचा इमानी माणूस गेला’.

कमिटीचा सेक्रेटरी तिथेच उभा होता. मला म्हणाला, "लाइन साहेबांकडून घेतली. लगेच दिली त्यांनी, पैसेही नाही घेतले."

दहाव्याच्या दिवशी तिथे भांडण शोभलं नसतं. घरी गेलो. काकी ओट्यावर बसल्या होत्या. मला त्यांना ते सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलं, "फाट्यावर काय लिवलाय?" कोणीच त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. मी वाक्य सांगितलं आणि मधे खोकलो.

काकी उठल्या. आत जाऊन कोयती घेऊन आल्या. "चल," म्हणाल्या.

भर दुपारी, दहाव्याला जमलेल्या सगळ्या भावकीसमोरून त्या फाट्यापर्यंत चालत गेल्या. मागे मी, मागे सरदार. सेक्रेटरी "काकी, काकी" करत पुढे आला, त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. फ्लेक्ससमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "माना वाचता येत नाय. बोट ठेव."

मी शब्दावर बोट ठेवलं. काकींनी कोयतीचं टोक खुपसलं आणि अक्षराच्या कडेकडेने, भाकरीची कड सोडवावी तसा, तो शब्द कापून काढला. फ्लेक्सचा तुकडा माझ्या हातात दिला.

"यो नेऊन सरदारचे खाली आथर. त्याचा हाय."

मग पदराने कोयती पुसली, दोन पावलं मागे सरल्या आणि रविवारच्या दुपारी बसायच्या तशा, मान किंचित खाली घालून उभ्या राहिल्या.

"आता वाच," म्हणाल्या.

"सोनिवलीचा माणूस गेला," मी वाचलं. मधे कुठेही खोकावं लागलं नाही.